नळीतला अंधार

अहमदनगर,
१० ऑक्टोबर १९७२

प्रिय आप्पा,

तुझं कार्ड पोचलं. पत्त्याच्या बाजूलाही तू मजकूर लिहिलास, त्यामुळे ते आधी टपालखात्याने वाचलं, मग आमच्या हिने, आणि शिळं झाल्यावर मी. तुमच्या लव्हाळवस्तीच्या माळावर लांडगा आला आहे, हे आता आमच्या सबंध आळीला ठाऊक झालं आहे. शेजारच्या काकू दाराला दोन-दोन कड्या लावतात. नगर शहरात, माळीवाड्याच्या अलीकडे.

थट्टा पुरे. पाझर तलावाच्या कामावरच्या बाईचं लेकरू भर दुपारी पालातून ओढलं आणि आईने पाय धरून ठेवले म्हणून वाचलं, एवढं वाचून मी कार्ड खाली ठेवलं. पुन्हा उचलायला थोडा वेळ गेला. तुझ्या घरात रतन गरोदर. आधीच्या दोन खेपा गेल्या, ही तिसरी. सुनेला बांधावर एकटी जाऊ देत नाहीस, हे बरोबर करतोस.

आता रायफल. तुझ्या थोरल्या भावाने, काकासाहेबांनी, पीक राखायला परवान्यावर घेतलेली ती पॉइंट टू-टू ते गेल्यापासून खुंटीला लटकते आहे. ती साफ कशी करायची, हे तू एका संस्कृतच्या मास्तराला विचारतोस. हरकत नाही. आमच्या शाळेत ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या गळ्यात एन.सी.सी. घालतात. पंचेचाळिशीनंतर मला कामठीला धाडून धोतर सोडवलं आणि खाकी चढवली. पोरं पाठीमागे मला 'जनरल विसर्ग' म्हणतात. पुढ्यात म्हणाली असती तर मार्क दिले असते.

तेव्हा ऐक. बोल्ट मागे ओढून पुरता बाहेर काढ. आत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहा, मग करंगळी घालून पाहा, मग पुन्हा डोळ्यांनी. पितळी गजाच्या टोकाला मऊ सुती चिंधी लावून नळीत घालायची ती मागून, बोल्टच्या बाजूने. पुढून घातलीस तर तोंडाची कड झिजते आणि गोळी भलतीकडे जाते. पहिली चिंधी काळी येईल, दुसरी तांबूस. चिंधी पांढरी येईपर्यंत थांबायचं नाही. मग शिवणयंत्राच्या तेलाचा हात. खोबरेल नको, करडईचं तर नकोच, त्याची खळ होते. खंडेनवमीला पूजा कर, हळदकुंकू वाहा, पण लोखंडाला आंघोळ घालू नकोस. देवाला कळतं, गंजाला कळत नाही.

आणि शेवटी, हे विसरलास तर बाकीचं सगळं व्यर्थ: बोल्टच्या जागी अंगठ्याचं नख धर आणि पुढून नळीत पाहा. नखावरचा उजेड आत जातो. नळी चांदीसारखी चकाकली पाहिजे. तो उजेड दिसल्याशिवाय काडतूस भरायचं नाही.

मनकर्णावहिनींना नमस्कार, तुझ्या लेकाला, गोरक्षला, आशीर्वाद. तो नेम धरील ते ठीक, पण नळी तू पाहा. पोरं घाई करतात.

तुझा,
दत्तोपंत


लव्हाळवस्ती, ता. कर्जत,
२१ ऑक्टोबर

पंत, रामराम.

तू सांगितलं तसं झालं. खंडेनवमीला रायफल खाली काढली. गोरक्ष तलावाच्या कामावर मुकादम म्हणून जातो, अंधार पडल्यावर येतो. म्हणून साफसफाई मनकर्णेनं अंगावर घेतली. म्हणाली, 'तुमी तेल सांडता, मीच करते.' लई मन लावून केली. लाकडी दस्ता असा पुसला की माझं तोंड दिसावं. चिंधी पांढरी आली का म्हणून इचारलं, तर म्हणाली, 'दुधावानी.'

उजेडाचं म्हणशील तर मी नख धरून बघितलं. उजेड काय तितकासा दिसला न्हाई. सांज झाली हुती.

लांडग्यानं भिमाजी धनगराची दोन कोकरं नेली. एक तर मेंढवाड्याच्या काटेरी कुंपणावरनं. भिमाजी म्हणतो एकच हाय, पण भुकेला हाय. यंदा माळावर ससा सुदिक उरला न्हाई, तो तरी काय खाईल. रतन परसात गेली की मी काठी घेऊन मागं हुभा ऱ्हातो. पोरगी लाजती. लाजू दे.

तुझा,
आप्पा


अहमदनगर,
२६ ऑक्टोबर

प्रिय आप्पा,

'उजेड तितकासा दिसला नाही' म्हणजे काय? उजेड दिसतो किंवा दिसत नाही. मधली विभक्ती त्याला नाही.

मी चिडलेलो नाही. घाबरलो आहे, आणि घाबरलो की माझं अक्षर सरळ येतं, हे तुला बोर्डिंगपासून माहीत आहे. कामठीला आमच्याबरोबर विदर्भातले एक भूगोलाचे शिक्षक होते. साफ करताना चिंधीचा एक तुकडा नळीत राहिला. एवढासा, हरभऱ्याच्या दाण्याइतका. त्यांनी नळीत न बघता गोळी झाडली. आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला, म्हणून आम्ही हसलो. मग पाहिलं तर नळी केळं सोलावं तशी उकलली होती. ते गृहस्थ डाव्या हाताकडे पाहत होते, कारण बोटं मोजायला तिथे फारशी उरली नव्हती. गोळीला पुढे वाट मिळाली नाही की ती आपण सांगू त्या दिशेने जात नाही, आप्पा. ती बाजूने निघते. मागेही येते, आणि मागे चेहरा असतो.

तेव्हा भर उन्हात, अंगणात उभा राहून पुन्हा बघ. उलट टपाली कळव. तोपर्यंत गोरक्षने रायफलला हात लावू नये.

दत्तोपंत


लव्हाळवस्ती,
३१ ऑक्टोबर

पंत,

तुला फुकट घोर लागला. उन्हात बी बघितलं. उन्हात बी अंधारच. पण तो रायफलीचा दोष न्हाई, माझा हाय. आता तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगू नको. उजव्या डोळ्यावर पडदा आलाय. गुढीपाडव्यापासून. डाव्या डोळ्यानं बी सुईत दोरा दिसत न्हाई. बैल दिसतो, माणूस दिसतं, तुझं टपोरं अक्षर उन्हात धरलं की लागतं, पण नळीतलं बारीक काय दिसणार? म्हणून तर नेम गोरक्षला शिकवला. घरात कुणाला ठाव न्हाई. मनकर्णेला कळलं तर रडंल, आन रतनसमोर आता कुणी रडायला नको.

मनकर्णा म्हणती नळी सोच्छ हाय. तिचा डोळा घारीवानी हाय. झालं तर मग.

दिवाळीला गोरक्ष घरी असंल. लांडग्यावर बसायचा दिवस ठरवतो.

आप्पा


अहमदनगर,
४ नोव्हेंबर

प्रिय आप्पा,

जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसऱ्या कारणासाठी बाहेर आला. पाडव्यापासून पडदा आणि सांगतोस दिवाळीला! डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे काय वाघाची शिकार आहे? उतारवय आलं, अजून वस्तीवर कोणाला न सांगता आंधळा व्हायची हौस. दिवाळी झाली की इकडे ये. येथे डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत. आमच्याकडे राहा. आमची ही तुला बघून दोन दिवस बरी वागेल, तेवढाच मला विसावा.

तुझं रहस्य माझ्यापाशी सुरक्षित आहे. तरी एक कर: गोरक्ष घरी आला की नळीत एकदा त्याला पाहायला लाव. तुझ्या डोळ्याचं नाव घेऊ नकोस, पंतांनी सांगितलं म्हण. माझ्या नावावर खपतं.

दिवाळी सुखाची जावो. रतनला जपा.

दत्तोपंत


लव्हाळवस्ती,
१२ नोव्हेंबर

भावजींना मनकर्णेचा नमस्कार.

ह्यांना न सांगता लिवतेय. मी चौथी शिकलेली, अक्षर सांभाळून घ्या.

तुमी ह्यांना लिवलं, गोरक्षला नळीत बघाया लाव. दोनदा त्यानं इचारलं, दोनदा मी म्हनलं, बघितलंय मी, जेवून घे. तुमी तसं लिवू नका भावजी. नळी मी साफ केल्याली न्हाई. वरनं पुसली. आतून हात लावला न्हाई.

खंडेनवमीला रायफल खाली काढली तवा बारीक काळी कुंभारीण माशी नळीच्या तोंडात जात हुती. तोंडात वली माती. मी बघत ऱ्हायले. ती आत गेली, बाहेर आली, परत माती घेऊन आत. बोटभर आत जाऊन तिनं समदं लिंपून घेतलंय. आता येत न्हाई. घर पुरं झालं तिचं.

आमच्या माहेरी कुंभारणीनं घर केलं की घरात पाळना हलनार म्हनून पाळन्याची दोरी काढून ठेवत्यात. आन घर मोडलं की काय हुतं ते मी दोनदा बघितलंय. पहिल्या खेपंला दिवाळीची झाडलोट करताना तुळईवरचं घर पडलं, त्याच हप्त्यात रतनचं पोट गेलं. दुसऱ्या खेपंला गोरक्षनं कडी बसवाया चौकट ठोकली. चौकटीवर घर हुतं. तवा बी तसंच. तुमी शिकल्याले हाय, तुमी हसाल. हसा. पन रतन आता सातव्यात हाय. इतकं दिस ती कदी गेली नव्हती.

दिवाळीत गोरक्ष म्हनला, एकोणीस तारखंच्या रविवारी सुट्टी हाय, तवा माळावर बसतो. गोळी सुटली की माती उडंल, कुंभारणीचं घर जाईल. म्हनून मला भ्या वाटतं. तुमी ह्यांना लिवा, रायफल जुनी झाली, दुरुस्तीला नगरला आना. तुमचं ऐकत्यात. पौषात रतन मोकळी हुईल, मग काय करायचं ते करा.

रतनला हे ठाव न्हाई. तिला कळू देऊ नका.

मनकर्णा


तार
१५ नोव्हेंबर १९७२

आप्पासाहेब, लव्हाळवस्ती, कर्जत.
रायफल चालवू नका. शनिवारी येतो. दत्तोपंत.


अहमदनगर,
१५ नोव्हेंबर

मनकर्णावहिनींना सादर नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर माझ्या नववीतल्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा सुवाच्य आहे, हे प्रथम सांगितलं पाहिजे. आमच्या हिचा पाय उंबऱ्यावर मुरगळला म्हणून दिवाळीला येणं झालं नाही, नाहीतर तुमच्या हातच्या शेंगोळ्यांवर मी एकट्याने हक्क सांगितला असता. आता पाय बरा आहे. ती तुमची आठवण काढते.

तुम्ही मला हसाल म्हणालात. मी हसलो नाही. आमच्या घराण्यात चार पिढ्या लोकांना मुहूर्त काढून देण्यात गेल्या, तेव्हा कुंभारणीला हसण्याचा अधिकार मला सर्वांत कमी. तरी आमच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या मास्तरांना, तुमचं नाव न घेता, विचारलं. ते म्हणाले, कुंभारीण त्या मातीत अंडं घालते, शेजारी अळ्या आणून ठेवते, पिल्लू त्या खातं आणि पंख फुटले की माती फोडून आपलं आपण उडून जातं. मागे उरतं ते रिकामं घर. ते त्यांनी मला फळ्यावर काढूनही दाखवलं, रंगीत खडूने. असे लोक आहेत म्हणून शाळा चालते.

आजच आप्पाला तार केली आहे. तिच्यात तुमचं नाव नाही, कारणही नाही. शनिवारी मी स्वतः येतो आणि सर्व नीट लावतो. गोरक्ष रविवारी बसणार म्हणजे मधे पुरेसा वेळ आहे. रतनला काही कळणार नाही.

आता एक गोष्ट शांतपणे वाचा. तुम्हाला वाटतं, गोळी सुटली की माती उडून जाईल. तसं होणार नाही. नळी पुढून बंद असली आणि गोळी झाडली, तर नळी फुटते. लोखंड फाटून मागे येतं. गोरक्षचा डोळा जाईल, हात जाईल, कदाचित गोरक्षच जाईल. कुंभारणीच्या घराचं नंतर पाहू. तोवर कोणत्याही कारणाने त्याला त्या रायफलचा चाप ओढू देऊ नका.

आपला,
दत्तोपंत


लव्हाळवस्ती,
१७ नोव्हेंबर

भावजी, गोरक्ष बरा हाय. हे आधी लिवते.

टपालवाला काल बेस्तरवारी दुपारी आला. तार आन तुमचं पाकीट एकाच पिशवीत. तार कर्जतात येऊन पडली हुती, वस्तीवर आनून देनार कोन? ह्यांनी टपालवाल्याकडनं तार वाचून घेतली आन खाटंवरनं उठलेच. म्हनले, 'पंत उगंच असं लिवायचा न्हाई. रानातल्या जनावरांचा नवा कायदा आलाय म्हनत्यात. बंदुका जमा करनार. पंताला शाळेत आधी कळलं आसंल. शनिवारी सायबाला घेऊनच येतोय का काय!' गोरक्ष घरीच हुता. पान्याचा टँकर आला न्हाई म्हनून तलावावरचं काम लौकर सुटलं हुतं. त्याला म्हनले, 'रविवारची वाट बघू नको. आजच जा. एकदा रायफल गेली की मग लांडगा हाय आन आपन हाय.'

मी चुलीपाशी तुमचं पत्र वाचत हुते. मला एकएक अक्षर लावून वाचावं लागतं. वैनींचा पाय मुरगळला ते वाचलं, वाईट वाटलं. भाकरी टाकली. मास्तरांनी फळ्यावर कुंभारीण काढली ते वाचलं. गोरक्षनं खुंटीवरनं रायफल घेतली, ते मी बघितलं. म्हनलं, पत्र पुरतं वाचावं, भावजींनी काय तरी उपाव सांगितला आसंल. पान उलटलं. तिथं तुमी ते लिवलं हुतं.

भाकरी तव्यावर सोडून पळाले. चपला घातल्या न्हाईत. भावजी, मी ह्या घरात आल्यापासून वस्तीवर कुनी मला पळताना बघितलं नव्हतं. भिमाजी मेंढरं घेऊन येत हुता, तो बाजूला झाला. त्याला वाटलं, घरात कुनी गेलं.

दिस मावळाया आला हुता. गोरक्ष सुकल्याल्या डबक्याच्या अलीकडं दगडी बांधाला पालथा पडल्याला. लांडगा पल्याडच्या काठाला हुभा. मला वाटलं हुतं मोठा आसंल. बारीक हुता, बरगड्या दिसत हुत्या, कुत्र्यावानी. आमच्याकडंच बघत हुता. गोरक्षनं गाल दस्त्याला लावला. हाक मारली तर दचकून चाप वढंल, म्हनून मारली न्हाई. मंग बांधावरनं वाकले आन नळीच्या तोंडावर हात ठेवला.

गोरक्ष वराडला, 'आई, हात काढ! भरल्याली हाय!'

म्हनलं, 'म्हनूनच ठेवलाय.'

'लांडगा चालला!'

'जाऊ दे.'

'येडी झालीस का गं? माझं बोट चापावर हाय!'

'तर मग बोट काढ. माझा हात न्हाई निघायचा.'

त्यानं बोट काढलं. लांडगा गेला. काडतूस बाहेर काढताना त्याच्या हातातनं दोनदा मातीत पडलं. माझा हात नळीवरनं सुटंना, त्यानं एकएक बोट उचलून काढला.

घरी येऊन समदं सांगितलं. रतनसमोरच सांगावं लागलं. मला वाटलं हे मारत्याल. हे खाटंवर बसले. म्हनले, 'म्हंजी आत खराच अंधार हुता?' म्हनलं, व्हय. तर म्हनले, 'आन मला वाटलं माझाच डोळा.' मग मला डोळ्याचं कळलं. तुमाला ठाव हुतं, भावजी. आसू दे.

रतन उठली, पदर सावरला, रायफलीपाशी जाऊन बसली. हात लावला न्हाई. आजून बी येता-जाता तिथं बसती.

उद्या तुमी येनार. काय करायचं ते तुमी करा. मला इचारू नका.

मनकर्णा


अहमदनगर,
२२ नोव्हेंबर

प्रिय आप्पा, आणि मनकर्णावहिनी,

वहिनींचं पत्र मी परत आल्यावर हाती पडलं. शनिवारी तुमच्या अंगणात मी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि त्यांनी माझ्या पत्राबद्दल चकार शब्द काढला नाही. पहिल्या पानावर शेंगोळे, उंबरा, रंगीत खडू, आणि दुसऱ्या पानावर गोरक्षचा जीव. आयुष्यभर मी मुलांना निबंधात प्रस्तावना असावी असं शिकवत आलो. काल वर्गात 'प्रस्तावना' हा शब्द तोंडाशी आला आणि मी खिडकी बंद करायला गेलो. खिडकी बंदच होती.

आता शनिवारबद्दल. तुम्ही तिथे होतात, तरी लिहितो, कारण तेव्हा कुणी काही बोललं नाही.

एसटीत बसून मी कार्यकारणभावावर व्याख्यान तयार केलं होतं. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं बांधून. एन.सी.सी.चा पितळी गज छत्रीबरोबर बांधून आणला होता. वाटलं, गज एकदा मागून घालायचा, अंगठ्याने दाबायचं, माती पुढे पडली की रायफल मोकळी, गोरक्ष मोकळा, लांडग्याचा बंदोबस्त. मिनिटाचं काम. गेलेल्या दोन खेपा आणि कुंभारीण यांचा काही संबंध नाही, हे मी त्यानंतर सर्वांना नीट समजावून सांगणार होतो.

गज घातला. नळीच्या तोंडाशी येऊन तो मातीला टेकला. ती टेकण्याची जाणीव माझ्या अंगठ्यात अजून आहे. काहीतरी कोरडं, हलकं, पातळ भिंतीसारखं. रतन उंबऱ्यात बसून रेशनच्या मिलो ज्वारीतले खडे निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. फक्त सुपाचा आवाज थांबला. गोरक्ष, ज्याने आधल्या दिवशी आईच्या खुळेपणावर तासभर तोंड टाकलं होतं असं तूच मला सांगितलंस, तो छपराचे वासे मोजत होता. वहिनी आत निघून गेल्या होत्या. माझा अंगठा जागच्या जागी.

मी गज बाहेर काढला आणि म्हणालो, 'गज वाकडा आहे.'

गोरक्ष लगेच म्हणाला, 'व्हय, वाकडाच हाय.' आणि तू, आप्पा, दोन्ही डोळ्यांनी मिळून सुईत दोरा न दिसणारा माणूस, खाटेवरून म्हणालास, 'मला बी इथनं दिसतोय.'

गज सरळ होता. सरकारी गज, गेल्याच महिन्यात आलेला. सूप पुन्हा हलू लागलं तेव्हा मी तो छत्रीला परत बांधला.

बोल्ट मी काढून आणला, हे चांगलं केलं. तो आमच्या कपाटात आहे, कोशांच्या मागे. त्याच्याशिवाय ती रायफल म्हणजे काठी. पण चांगलं केलं असं म्हणतो आणि लगेच दुसरी भीती बसते. लांडगा अजून माळावरच आहे. तो बारीक आहे, बरगड्या दिसतात, म्हणजे तो येणार. तुमच्या घरातलं एकमेव हत्यार मी, एका शिकलेल्या माणसाने, निकामी करून इथे आणून ठेवलं. काही झालं तर त्याला कुंभारीण कारण नसेल. भिमाजीचे कुत्रे वस्तीवर बांधून घ्या. कुंपणाला बाभळीचे काटे वाढवा. डबे बडवा. रतन परसात गेली की दोघांनी मागे उभं राहा, लाजली तरी. आणि गोरक्षला सांग, रायफलच्या तोंडात काडीसुद्धा घालायची नाही, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही.

जीवशास्त्राचे मास्तर म्हणतात, पिल्लू निघायला कधी महिना, कधी दीड, थंडीत आणखी लांबतं. निघेलच असंही नाही, काही आतच राहतात. हे शेवटचं वाक्य त्यांनी सहज उच्चारलं, डबा उघडता उघडता. मी त्यांना तिथून पुढे काही विचारलं नाही. तुम्हीही रतनला सांगू नका.

आप्पा, तुझ्या डोळ्यासाठी पौषापर्यंत थांबायचं असं तू ठरवलंस, मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. शनिवारपासून माझ्याकडे वाद घालायची हिंमत राहिलेली नाही.

टपालवाला गल्लीच्या तोंडाशी आला की हल्ली ही पुढे होते आणि मी मागच्या खोलीत जातो. तेव्हा रतन मोकळी झाली की तार करू नका. तारेत कारण मावत नाही, ते आपण पाहिलं. कार्ड टाका, आणि ते आप्पाने नको, वहिनींनी लिहावं. काय झालं ते पहिल्या ओळीत. नमस्कार त्याच्या खाली.

दत्तोपंत